शुद्ध जातीच्या पिल्लांत नर कोणता, मादी कोणती?

कडकनाथ, असील, ऱ्होड आयलंड रेड, बार्ड प्लायमाउथ रॉक, जात कोणतीही असो, शुद्ध जातीची एक दिवसाची पिल्ले घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. यात कोंबडे किती आणि तलंगा किती? उत्तरे हवी तितकी मिळतात. टोकदार अंड्यातून नर निघतो, पंखाची पिसे लांब असली की मादी, डोक्यावरचा ठिपका मोठा असला की नर, मानगूट धरून उचलल्यावर पाय पोटाशी घेतो तो एक आणि लोंबते सोडतो तो दुसरा, धीट पिल्लू नर, तुरा लवकर लाल झाला तर नर. यातल्या काही खुणा खऱ्या आहेत, काही ठरावीक जातींपुरत्या खऱ्या आहेत आणि काहींना काडीचा आधार नाही. पण सगळ्या एकाच सुरात आणि एकाच खात्रीने सांगितल्या जातात. खूण किती जणांनी सांगितली यावर ती तोलता येत नाही. पिल्लाच्या शरीरात ती कशामुळे उमटते, हे विचारावे लागते. तसे विचारत गेले की शुद्ध जात पाळणाऱ्याला थोडे अडचणीचे वाटेल असे एक उत्तर समोर येते. बहुतेक शुद्ध जातींत पहिल्या दिवशी बाहेरून दिसणारी खात्रीची खूण नसते, आणि अशा जातीच्या पिल्लांचे रंगावरून किंवा पंखांवरून नर-मादी असे सहज दोन गट पडू लागले तर आधी त्यांच्या शुद्धतेची शंका घ्यावी.

सुरुवात अंड्यापासून करू, कारण सर्वात जुना समज तिथलाच आहे. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत हे उलटे असते. कोंबड्याकडे झेड नावाची दोन गुणसूत्रे असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे पिल्लू नर होणार की मादी हे आईकडून ठरते, आणि तेही बलक अंडाशयातून सुटण्याच्या साधारण दोन तास आधी, गुणसूत्रांची वाटणी होते तेव्हा. पांढरा भाग, पापुद्रा आणि कवच त्यानंतर चढते; एकट्या कवचालाच वीसेक तास लागतात. अंड्याचा आकार अंडनलिकेत ठरतो आणि तो ठरण्याआधीच पिल्लाचे लिंग ठरून गेलेले असते. मग टोकाला ते कळणार कसे? इतिहासही हेच सांगतो. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लांबट, टोकदार अंडी मादीची आणि गोल अंडी नराची असे लिहिले. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन शेतीलेखकाने नेमके उलटे सांगितले: कोंबडे हवे असतील तर लांब टोकदार अंडी बसवा, कोंबड्या हव्या असतील तर गोल. दोघेही विचारी होते, दोघांचीही वाक्ये शतकानुशतके वाचली गेली, आणि दोन्ही मतांना मानणारे आजही भेटतात.

असे समज टिकतात कसे, याचे उत्तर साध्या गणितात आहे. उबलेल्या पिल्लांत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे असतात, म्हणून डोळे मिटून सांगितले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. दहा पिल्लांवर दोऱ्याला बांधलेली अंगठी फिरवून पाहिली, तर निव्वळ योगायोगाने सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के आहे. म्हणजे अशी परीक्षा घेणाऱ्या दर सहा जणांत एकाला 'दहात सात' असा अनुभव येणारच, आणि तोच पुढे सांगितला जातो. उरलेले पाच जण गप्प राहतात. मानगूट धरून पाय पाहणे, पिल्लाचा धीटपणा, अंगठीचे झुलणे या सगळ्यांचा हिशेब इथेच संपतो.

रंग आणि पंखांची खूण मात्र थोतांड नाही. तिचा पाया पक्का आहे आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी. मादीला झेड गुणसूत्र एकच, आणि ते तिला बापाकडून मिळते. नराला एक झेड बापाचे, एक आईचे. तेव्हा झेडवरचा एखादा ठळक गुण फक्त आईकडे असेल आणि बापाकडे नसेल, तर तो लेकांत उतरतो, लेकींत उतरत नाही. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबडी यांच्या संकरात हेच होते: रुपेरी गुण आईकडून फक्त लेकांना मिळतो, म्हणून नर पिल्ले फिकट पिवळी आणि मादी पिल्ले तांबूस निघतात. पंखांचेही असेच. पिसे सावकाश फुटण्याचा ठळक गुण झेडवर आहे. आई सावकाश पिसांची आणि बाप झटपट पिसांचा असेल, तर पहिल्याच दिवशी लेकीच्या पंखांची मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा स्पष्ट लांब दिसतात. लेकाची दोन्ही सारखी असतात, किंवा मुख्य पिसे आखूडच असतात. मोठ्या हॅचरी याच युक्तीवर तासाला हजारो पिल्ले निवडतात.

पण या युक्तीची अट अशी की आई आणि बाप त्या गुणाबाबत वेगळे हवेत. शुद्ध जातीत ते वेगळे नसतात. लेगहॉर्नमध्ये सगळीच झटपट पिसांची, तिथे सगळ्याच पिल्लांचे पंख लांब दिसतील. सावकाश पिसांच्या जातीत सगळ्यांचेच आखूड दिसतील. लांब पंखांची तेवढी पिल्ले मादी म्हणून वेगळी काढणारा तिथे एक-दोन दिवसांच्या वयाचा फरक मोजत असतो, लिंगाचा नव्हे. संकराच्या पहिल्या पिढीत बिनचूक ठरलेली खूण शुद्ध जातीला लावणे ही या विषयातली सर्वात मोठी चूक आहे, कारण तिला शास्त्राचा आधार असल्याचा भास होतो.

कडकनाथाच्या बाबतीत ही गोष्ट पैशाशी जोडलेली आहे. त्याच्या काळेपणाला दोन गोष्टी लागतात. एक जनुक कातडी, स्नायू आणि हाडांच्या आवरणापर्यंत काळे रंगद्रव्य पोचवते. ते लिंगगुणसूत्रावर नाही. कातडीतला काळेपणा दाबून टाकणारे दुसरे जनुक झेडवर असते, आणि काळ्या जातीत ते नसावे लागते. रेशमी पिसांच्या सिल्की कोंबडीतही हीच जोडी आहे, आणि बेटसन व पनेट यांनी १९११ मध्ये सिल्की कोंबडा व ब्राउन लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकरात तिचा वारसा तपासला होता. लेकी गडद काळ्या निघाल्या, लेक फिकट. आता हाच हिशेब कडकनाथाला लावून पाहा. कडकनाथ कोंबडा आणि दुसऱ्या, दडपणारे जनुक असलेल्या जातीची कोंबडी यांच्या पिल्लांत काळ्या पायांच्या लेकी आणि फिकट पायांचे लेक असा फरक पहिल्या दिवसापासून दिसेल. शुद्ध कडकनाथात तो दिसणार नाही. म्हणून 'काळ्या पायाची ती मादी, उजळ पायाचा तो नर' असे ज्या बॅचबद्दल छातीठोकपणे सांगता येते, ती बॅच शुद्ध असल्याचे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी थांबावे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सामाईक नोंदणीकृत जात असलेल्या, नंदुरबार भागातल्या बुसरा कोंबडीला तर रंगाचा निकष लावताच येत नाही, कारण तिच्यात पिसाऱ्याचा रंगच एकसारखा नसतो.

इथे कोणी म्हणेल की शुद्ध जातीतही रंगावरून नर-मादी कळणाऱ्या जाती आहेत. आहेत, आणि त्यांचे स्पष्टीकरणही याच नियमात आहे. बार्ड प्लायमाउथ रॉकच्या आडव्या पट्ट्यांचे जनुक झेडवर असते. शुद्ध जातीत ते सर्वांकडे आहे, पण नराकडे त्याच्या दोन मात्रा आणि मादीकडे एकच. दुसरे झेड नसल्याने मादीला दुसरी मात्रा कधीच मिळू शकत नाही. हे जनुक काळा रंग पुसते, त्यामुळे नर दुप्पट पुसला जातो. एक दिवसाच्या काळ्या पिल्लाच्या डोक्यावर जो पिवळट-पांढरा ठिपका असतो तो मादीत लहान आणि आखीव, नरात मोठा आणि कडा विस्कटलेला. मादीचे पाय पुढून काळपट, नराचे उजळ. तरीही काही पिल्ले मधली निघतात, म्हणून ही खूण दहात आठ-नऊ वेळा बरोबर येते असे धरावे, त्यापेक्षा अधिक नाही. काळ्या लवेऐवजी खारीसारख्या पट्टेदार तपकिरी लवेवर हेच जनुक आणले तर फरक कितीतरी ठसठशीत होतो. केंब्रिजमध्ये रेजिनाल्ड पनेट आणि मायकेल पीज यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून नेमके हे केले. आधी कॅम्बार, मग लेगबार अशा जाती त्यांनी घडवल्या. शाळेत आनुवंशिकता शिकताना जी पनेट चौकट काढायला लावतात, ते पनेट हेच. लेगबारच्या मादी पिल्लाच्या पाठीवरचे पट्टे रेखलेले असतात, नराचे धुऊन गेलेले. मात्रेतला हा फरक पिढ्यान् पिढ्या टिकतो, संकरासारखा दुसऱ्याच पिढीत मोडत नाही.

मग कडकनाथ किंवा असीलमध्ये हे जनुक आणून त्यांनाही तसेच का करू नये, असा प्रश्न निघतो. करता येईल, पण पट्टे पुसणारे जनुक आणलेला कडकनाथ पिसाऱ्याने कडकनाथ राहणार नाही. जातीचे रूप सांभाळण्यासाठी जी जात पाळायची, तिचे रूपच सोयीसाठी बदलायचे, हे मला पटत नाही.

पहिल्याच दिवशी, कोणत्याही जातीत, कोणत्याही रंगात चालणारी पद्धत एकच आणि ती गुदद्वार तपासण्याची. कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये जपानमध्ये ती शास्त्रीय पायावर मांडली. १९३३ मध्ये मासुई व हाशिमोतो यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि जपानी तज्ज्ञ उत्तर अमेरिकेत व युरोपात हे काम करू लागले. पिल्लू डाव्या हातात धरून पोट हलके दाबून विष्ठा काढतात, मग प्रखर दिव्याखाली अंगठ्यांनी गुदद्वार उलटे उघडतात. आतल्या खालच्या कडेला, मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा शोधायचा असतो. नरात तो गोल, चकचकीत आणि लवचीक. बोटाने घासला तरी आकार सोडत नाही. मादीत तो नसतो, किंवा असला तरी चपटा आणि दाबल्यावर विरणारा. अडचण मधल्या प्रकारांची आहे, कारण काही माद्यांतही उंचवटा बऱ्यापैकी असतो आणि काही नरांत तो खुजा असतो. शिवाय तो पहिल्या दीड दिवसातच नीट वाचता येतो. कसलेले लोक तासाला हजाराच्या आसपास पिल्ले पाहतात आणि शंभरात ९५ हून अधिक वेळा बरोबर असतात.

ही विद्या शब्दांत सांगताच येत नाही, हात बसायला वर्षे जातात, असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. बिडरमन आणि शिफ्रार यांनी १९८७ मध्ये अनोळखी माणसांना या उंचवट्याची छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांची ६० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली. मग उंचवटा कुठे पाहायचा आणि फुगीर की चपटा हे कसे ठरवायचे, एवढे सांगणारा एक कागद त्यांना दिला. उत्तरे ८४ टक्क्यांवर गेली. म्हणजे पाहायचे काय हे शिकवता येते. हाताचे काम मात्र छायाचित्रावर शिकता येत नाही. दाब जास्त पडला तर पोटातली बलकाची पिशवी फुटते आणि पिल्लू मरते, आणि एका पिल्लाचा संसर्ग बोटांवरून दुसऱ्याकडे जातो. वर्षाला शे-दोनशे पिल्ले काढणाऱ्याने दुर्मीळ जातीवर हा हात साफ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरते ती वाट पाहणे, आणि तिथे खुणा खऱ्या होतात, कारण त्यांच्यामागे आता संप्रेरके उभी राहतात. मात्र दोन खुणांची कारणे वेगळी आहेत. तुरा वाढतो आणि लाल होतो तो वृषणांतल्या संप्रेरकामुळे. ग्यॉटिंगेनच्या बर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांचे वृषण काढले तेव्हा त्यांचे तुरे खुजे राहिले, आणि वृषण पोटात परत बसवले तेव्हा तुरे, आरवणे आणि भांडखोरपणा नेहमीसारखे झाले. म्हणून लेगहॉर्नसारख्या मोठ्या, एकेरी तुऱ्याच्या जातीत पाच-सहा आठवड्यांत बहुतेक नर उघडे पडतात. हीच खूण असीलमध्ये लंगडी पडते, कारण त्याचा तुरा वाटाण्यासारखा, डोक्याला चिकटलेला आणि मुळातच लहान. असीलची मादीसुद्धा ताठ मानेची आणि उंच पायांची असल्याने उभे राहण्याच्या ढबीवरून केलेला अंदाजही फसतो. कडकनाथात तुरा राखाडी-जांभळा असतो, तेव्हा लालीची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिथे एकाच दिवशी उबलेल्या भावंडांच्या तुऱ्यांची उंची आणि जाडी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. तुऱ्याखेरीज पाठीवर आणि शेपटीत पिसे उशिरा भरणे ही जड जातींतल्या नराची आणखी एक खूण आहे, पण ती एकटी पुरत नाही.

पिसांचे कारण याच्या उलट आहे, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. कोंबडीच्या वंशात नराचा झुपकेदार पिसारा ही शरीराची मूळ अवस्था आहे. मादीचा साधा पिसारा अंडाशयातले संप्रेरक घडवते. खच्ची केलेला कोंबडा तुरा गमावतो पण पिसारा ठेवतो, आणि अंडाशय निकामी झालेल्या कोंबडीला कोंबड्याची पिसे फुटतात. म्हणून शेपटीच्या जरा पुढे, पाठीच्या उतारावरची पिसे ही सर्वात भरवशाची खूण. पहिली पिसे दोघांचीही मादीसारखीच असतात; ती गळून दहा ते चौदा आठवड्यांत नवी येतात. त्यातले एक पीस उजेडाला धरावे. नराचे लांब, अरुंद, टोकाला निमुळते, कडेचे धागे सुटे आणि म्हणून चकाकणारे. मादीचे टोक गोल आणि कडेपर्यंत विणलेले. मानेवरची पिसे पाहून ठरवू नये, कारण तिथे माद्यांचीही बरीच टोकदार असतात. या खुणेलाही अपवाद आहेच. इंग्लंडच्या सीब्राइट बँटममध्ये कोंबड्याचा पिसारा कोंबडीसारखाच असतो, कारण त्यांच्या कातडीतच नराचे संप्रेरक मादीच्या संप्रेरकात बदलते. सिल्कीच्या विस्कटलेल्या रेशमी पिसांतही टोक शोधणे कठीण जाते. खुणेचे कारण माहीत असले की अपवाद कुठे येईल हे आधीच सांगता येते.

आता एक मोठा आक्षेप राहतो. गावाकडे वर्षानुवर्षे कोंबड्या पाळलेली बाई तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लाकडे बोट दाखवून सांगते, आणि बहुधा बरोबर सांगते. तिला हे सगळे शास्त्र कशाला हवे? तिच्या नजरेला मी मुळीच कमी लेखत नाही. पायांची जाडी, डोक्याची ठेवण, तुऱ्याचा तळ, पाठीवरची पिसे या अनेक अर्धवट खुणा ती एकदम वाचते, आणि अनेक अर्धवट खुणा मिळून एक चांगली खूण होते. पण ते वाचन तिच्या दारच्या कोंबड्यांवर घडलेले असते. तीच नजर असीलवर किंवा सिल्कीवर लावली तर चुकते, आणि चुकलेली उत्तरे कुणी मोजून ठेवलेली नसतात. तपासणी अवघड नाही. चौथ्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाच्या पायात रंगीत कडी घालावी, अंदाज वहीत लिहावा आणि चौदाव्या आठवड्यात वही उघडावी. दोन-तीन बॅचनंतर कोणती खूण आपल्या जातीत चालते हे घरच्या घरी कळते. आपल्या देशी जातींबद्दल अशा वह्या भरल्या गेल्या तर त्यांचे मोल परदेशी पुस्तकांतल्या तक्त्यांपेक्षा अधिक ठरेल.

तंत्रज्ञान हा प्रश्नच मिटवील असे म्हणणाऱ्यांचे अर्धे खरे आहे. झेड आणि डब्ल्यूवरच्या एकाच जनुकाची लांबी वेगवेगळी असते, आणि पिसाच्या मुळातल्या किंवा रक्ताच्या थेंबातल्या डीएनएवरून ती मोजता येते. पोपट पाळणाऱ्यांना ही चाचणी परिचयाची आहे. दहा-वीस मौल्यवान पिल्लांसाठी ती वापरावी. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्ले मारण्यावर बंदी घातल्यावर अंड्यातच लिंग ओळखणाऱ्या यंत्रांचा वापर तिथे वाढला. त्यांतली प्रकाशाने पाहणारी यंत्रे गर्भाच्या पिसांचा रंग वाचतात, म्हणजे पुन्हा त्याच रंगभेदी संकरावर अवलंबून असतात. काळ्या आईबापांच्या काळ्या गर्भापुढे त्यांचा इलाज नाही. अंड्यातला द्रव काढून संप्रेरक तपासणारी पद्धत कोणत्याही जातीला चालेल, पण ती लाखो अंड्यांच्या कारखान्यासाठी बांधलेली आहे.

म्हणून शुद्ध जातीचा व्यवहार सरसकट पिल्लांवरच व्हावा आणि विकणाऱ्याने तसे स्पष्ट लिहावे. एक दिवसाच्या 'खात्रीच्या माद्या' कशावरून ओळखल्या हे सांगता येत नसेल, तर त्या खात्रीचे जादा पैसे देऊ नयेत. घेणाऱ्याला चार तलंगा हव्या असतील तर त्याने १३ पिल्ले घ्यावीत. सगळी जगली तर शंभरातल्या ९५ वेळा चार किंवा अधिक माद्या मिळतील. उरलेल्या नरांना दोन-तीन महिने खाद्य घालणे परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि मांसासाठी किंवा अंड्यांसाठी पाळणाऱ्याने सहा आठवड्यांच्या तुऱ्यावर नर विकले तर बिघडत नाही. जात राखणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. ५० पक्ष्यांच्या कळपात दोन कोंबडे आणि ४८ कोंबड्या असतील, तर आनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने तो कळप जेमतेम आठ पक्ष्यांच्या तोडीचा ठरतो. दहा कोंबडे आणि ४० कोंबड्या ठेवल्या तर तोच आकडा ३२ होतो. लवकर लाल झालेल्या मोठ्या तुऱ्यांचे नर आधी विकून टाकणारा किंवा फक्त तेच ठेवणारा, दोघेही नकळत तुऱ्यावर निवड करत असतात, वजनावर किंवा रोगप्रतिकारावर नाही. चौदाव्या आठवड्यापर्यंत सगळे नर ठेवून, वेगवेगळ्या आयांचे दहा निवडण्याचा खर्च जात राखण्याच्या खर्चातच धरायला हवा.